भांडण न झालेली ओळ

१

दाजी तरेंनी बर्फाच्या लादीच्या मधोमध टोचा मारला आणि आतून पाणी उसळलं.

लादी बाहेरून काचेसारखी घट्ट होती. आत मात्र मनगट जाईल एवढी पोकळी, आणि तिच्यात न गोठलेलं पाणी. दाजींनी शेजारची लादी फोडली, तिच्या पलीकडची फोडली. टाकीच्या लांबच्या टोकाकडून निघालेली एकही लादी धड नव्हती.

“बघ गो मालन, बघ,” दाजी म्हणाले. “बरफ फोडतंय का शहाळी, तेच कलंना. ह्यो माल होडीवर चढवला तं म्हावरं सांजंपर्यंत तरी टिकंल का?”

मालन नाखवा ठाण्याच्या कोपरीतच लहानाची मोठी झालेली. खाडीकाठचा दाजींचा हा बर्फाचा कारखाना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर ती डोंबिवलीच्या औद्योगिक भागात, कर्णिकांच्या लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहायला लागली, आणि याच कारखान्याचा कॉम्प्युटर तिच्या कंपनीने बसवलेला. १९९३ साल. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे लोक बघायला यायचे.

“झालं काय नक्की?” तिने विचारलं.

“पंख्याचा पट्टा तुटला. दुसरं काय व्हयाचं!”

मालनला तेवढं पुरलं. पाण्याने भरलेले डबे खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत उभे असतात. टाकीच्या एका टोकाला गार करणाऱ्या नळ्या, आणि ते गार पाणी दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायला एक पंखा. पंखा थांबला की एका टोकाला थंडी साचून राहते आणि लांबचे डबे अर्धवट गोठतात. म्हणून तर पंखा थांबताक्षणी जोरात घंटा वाजेल, अशी सोय नव्या प्रोग्राममध्ये केली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर तो इथे बसवला होता.

“आणि घंटा?”

“कसली घंटा न कसलं काय! एक ठोका नाय. आनि ते मोठे आकडे दाखवलेले तुमी हापिसात, ते बी नाय हितं. कोपऱ्यात मुंगीएवढं कायतरी लिवलंय, चष्मा लावून बी दिसंना. सायबाला सांग तुज्या, ह्यो डबा उचलून न्या म्हनावं.”

मालनने सोबत आणलेली फ्लॉपी लावली, कारखान्यातला प्रोग्राम उतरवून घेतला आणि पडद्यावर एकेक पान खाली सरकवत नेलं. घंटेच्या ओळी कुठे असायला हव्यात ते तिला पाठ होतं. ती तिथे पोचली आणि थांबली.

ओळी बिघडलेल्या नव्हत्या. चुकीच्या जागी गेलेल्या नव्हत्या. त्या तिथे नव्हत्याच.

२

“ही बघ साक्ष,” भगवानराव कर्णिक म्हणाले आणि त्यांनी प्रिंटरचा लांब कागद टेबलावर पसरला.

कंपनीत माणसं चारच. मालक भगवानराव, ठाण्यातल्या जुन्या घराण्यातले, मोठ्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून स्वतःचा गाळा घेतलेले. लक्ष्मी सामंत, कामात सगळ्यांत मुरलेली. घंटा तिने लिहिली. चांगदेव शेलार, वर्षभराच्या बोलीवर घेतलेला. डबे कधी भरले, कधी काढायचे ते दाखवणारा पडदा त्याचा. आणि मालन.

लक्ष्मी आणि चांगदेव एकाच वेळी एकाच प्रोग्रामवर काम करायचे, दोघं दोन वेगळ्या मशीनवर. मग दोघांच्या प्रती एकत्र करायच्या. पूर्वी मालन हे पट्टी घेऊन कागदावर करायची आणि डोळे लाल व्हायचे. शेवटी तिने त्यासाठीच एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव तिने ठेवलं सांधणी.

सांधणीला तीन फ्लॉप्या द्यायच्या: मूळ प्रत, लक्ष्मीची प्रत, चांगदेवची प्रत. ती तिन्ही ओळीला ओळ लावून बघते. एखादी ओळ एकानेच बदलली असेल, तर तो बदल घ्यायचा. कोणीच बदलली नसेल, तर आहे तशी ठेवायची. आणि दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हेने बदलली असेल, तर थांबायचं, वाद आहे म्हणून सांगायचं, कोणाची ठेवू ते माणसाला विचारायचं. हिशोब एवढाच. वर्षभरात सांधणी एकदाही चुकली नव्हती.

तिनेच दसऱ्याला छापलेल्या त्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, की घंटेच्या ओळी चांगदेवने काढल्या आहेत. काढणं मान्य केलं आहे. वाद एकही नाही.

“मी स्वतः चालवली सांधणी,” भगवानराव म्हणाले. “तू, लक्ष्मी, चांगदेव, तिघंही सुट्टीवर होतात. तू शिकवलंस तसंच सगळं केलं. तेव्हा वाद नाही एवढंच वाचलं आणि निघालो. वरची ओळ नीट वाचली असती तर ही वेळ आली नसती.”

“पण चांगदेव असं का करेल?”

“का? सगळ्यांसमोर म्हणाला होता की नाही, की ही घंटा एक दिवस मी काढूनच टाकतो म्हणून?”

म्हणाला होता खरा. प्रती एकत्र केल्यावर घंटेच्या तपासणीमुळे त्याचा पडदा अडखळेल म्हणून त्याचं आणि लक्ष्मीचं कडाक्याचं वाजलं होतं.

“आज शुक्रवार. सोमवारी त्याचं वर्ष पुरं होतंय. कायम करणार होतो मी त्याला.” भगवानरावांचा आवाज खाली आला. “सकाळी तुझा कारखान्यातून फोन आला तेव्हाच, सोमवारी येऊ नकोस म्हणून सांगितलंय. चूक झाली असती तर पोटात घातली असती. पण हे मुद्दाम केलेलं आहे, मालन. आणि हे मी म्हणत नाही, तुझं यंत्र म्हणतंय.”

तेच तर मालनला टोचत होतं. चांगदेवविरुद्ध साक्षीदार एकच, आणि तो तिने स्वतः घडवलेला.

“सर, मला उद्यापर्यंत वेळ द्या.”

“कशासाठी?”

“साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचीय.”

३

लक्ष्मी जेवणाचा डबा उघडून बसली होती, पण जेवत नव्हती.

“माझ्याकडे अशी बघू नको गं,” ती म्हणाली. “भांडते मी त्याच्याशी. रोज भांडते. पण तो माझ्या ओळीला हात लावेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.”

“तू घंटा नक्की घातली होतीस ना? शेवटच्या प्रतीत?”

“म्हणजे? आता माझ्यावर संशय का?” लक्ष्मीने खणातून दोन फ्लॉप्या काढून टेबलावर आपटल्या. “ही कामाची. आणि ही जास्तीची. मालवणात आमचं घर समुद्राला लागून, खाऱ्या हवेत सगळं गंजतं, एक बिघडली तर दुसरी हवी ही सवय तिथलीच. रोज संध्याकाळी निघायच्या आधी कामाची प्रत जास्तीच्या फ्लॉपीवर उतरवते. दसऱ्याच्या आधी निघाले त्या संध्याकाळीपण उतरवलेली. लाव, बघ.”

मालनने दोन्ही लावून बघितल्या. दोन्हींत घंटा होती. दोन्ही अक्षरन् अक्षर सारख्या.

“अजून काय केलेलंस तू त्यात?”

“फारसं नाही. तपमानाचे आकडे दुप्पट मोठे केले. दाजी इथे आलेले ना, तेव्हा डोळे बारीक करून बघत होते. वाईट वाटलं मला, तिथेच मोठे करून दाखवले.”

मालनला सकाळचं बोलणं आठवलं. मुंगीएवढे आकडे.

“लक्ष्मी, समज तुला घंटेचा राग आलाय. तू ती काढलीस. जाता जाता दाजींचे आकडेपण बारीक करशील?”

लक्ष्मीने डबा बाजूला सारला. “कशाला? आकड्यांनी कोणाचं काय बिघडवलंय?”

“तेच म्हणतेय मी,” मालन म्हणाली आणि चांगदेवला शोधायला बाहेर पडली.

४

तो गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर होता. शेजारच्या कारखान्यात रंगाचं काम चालायचं. गटारात आज जांभळं पाणी वाहत होतं आणि तो त्याच्याकडे बघत उभा होता.

“ये. चहा घे,” तो म्हणाला. “नोकरी गेलेल्या माणसाचा चहा पाजतो तुला.”

“चांगदेव, घंटा काढलीस का तू?”

“तुझ्या मशीनने सांगितलं ना? मग झालं. मशीन काय खोटं बोलतंय का?”

“मी तुला विचारतेय.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “अगं, काढायला ती माझ्याकडे असायला तर पाहिजे! गणपतीनंतर मी मूळ फ्लॉपीवरून प्रत घेतली तेव्हा घंटा कुठे होती? लक्ष्मीने नंतर लिहिली, तिच्या मशीनवर. माझ्या मशीनवर ती कधी आलीच नाही. बोललो मी तावातावात काहीतरी, ते आता गळ्यात आलंय. सरांना सांगायला गेलो तर कागद पुढे केला त्यांनी. कागदापुढे काय बोलणार?”

“घरी सांगितलंस?”

“कांताला? नाही. दिवा स्टेशनजवळची खोली मिळवायला किती फिरलो ते तिने बघितलंय. सोमवारी कसं सांगायचं तेच जुळवतोय डोक्यात.”

मालनने चहाचा ग्लास हातात घेतला. ज्याच्याकडे वस्तू कधी नव्हतीच, त्याने ती काढली असं सांधणीने छापलं होतं. दोघांपैकी एक जण चुकत होता, आणि सांधणीला लाज, राग, भीती यातलं काही नव्हतं.

“बरं, तू काय काय बदललंस ते सांग. सगळं. बारीकसारीकपण.”

“डब्यांचा पडदा. आणि त्याला जागा व्हायला तपमानाची ओळ वर, उजव्या कोपऱ्यात सरकवली.”

“कुठली ओळ?”

“तपमानाची गं. जिथून आकडे छापतो ती. कोपऱ्यात नेली, बारीक केली. का? काय झालं?”

मालनचा चहा तसाच राहिला. ती उलट पावली गाळ्याकडे निघाली होती.

५

तिने फळा पुसून घेतला आणि एकच ओळ लिहिली: तपमान छापायची. मग खुर्ची ओढून समोर बसली.

ही ओळ लक्ष्मीने मोठी केली. हीच ओळ चांगदेवने बारीक केली. दोघं बारीकसारीक गोष्टींवरून भांडणारे, आणि इथे तर दोघांचे हात एकाच ओळीवर पडले होते. सांधणीने इथे थांबायलाच हवं होतं. कोणाची ठेवू, म्हणून विचारायलाच हवं होतं.

आणि कागद म्हणत होता, वाद एकही नाही.

एका माणसाने रागाने घंटा काढली असती, तर फक्त घंटा गेली असती. या ओळीवरचं भांडण तरी झालं असतं. पण घंटेबरोबर मोठे आकडेही गेले. म्हणजे काय काय गेलं? मालनने कारखान्यातून आणलेली फ्लॉपी एका मशीनला लावली, चांगदेवची दुसऱ्या मशीनला, आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी छापून घेतल्या. कागद उजेडात एकावर एक धरले.

तंतोतंत सारखे. दाजींच्या कारखान्यात बसवलेला प्रोग्राम म्हणजे चांगदेवची प्रत, जशीच्या तशी. लक्ष्मीचं त्यात काहीच नव्हतं.

आता प्रश्न सोपा झाला. सांधणी तीन प्रती घेऊन चांगदेवचीच प्रत जशीच्या तशी बाहेर कधी काढेल? मालनने तीन चौकोन काढले. मूळ, लक्ष्मी, चांगदेव. थोडा वेळ ती नुसती बघत राहिली, आणि मग स्वतःशीच हसली, कारण उत्तर इतकं सरळ होतं.

लक्ष्मीने काहीच बदललं नाही, असं सांधणीला वाटलं तर. म्हणजेच मूळ प्रत म्हणून जी फ्लॉपी दिली गेली, ती आणि लक्ष्मीची फ्लॉपी अगदी एकसारख्या असतील तर. मग मूळ प्रतीतच घंटा आहे, लक्ष्मीकडे घंटा आहे, चांगदेवकडे नाही. सांधणी बिचारी काय म्हणणार? चांगदेवने काढली!

पण लक्ष्मीच्या फ्लॉपीसारखी दुसरी फ्लॉपी जगात एकच होती. तिच्या खणातली, ती जास्तीची. आणि मूळ फ्लॉपी तर दाराजवळच्या डब्यात, लाल पट्टी लावून, कायम एकाच जागी असायची. ती हाताशी असताना कोणी दुसऱ्याच्या खणात हात का घालेल?

ती हाताशी नसेल तरच.

मालनने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. दसरा. मग ती भगवानरावांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. चांगदेवही तिच्यामागून आला होता, लक्ष्मीही.

“सर, एक विचारू? यंदा पूजेला काय काय मांडलं होतं?”

६

भगवानराव तिच्याकडे बघतच राहिले. “हा काय प्रश्न आहे?”

“सांगा ना.”

“नेहमीचंच. नवमीला पाट मांडला. त्यावर मीटर, सोल्डरिंगची कांडी, स्क्रूड्रायव्हरचा संच, पकड. आपली शस्त्रं म्हणजे तीच.” ते जरा खुलले. “आणि यंदा म्हटलं, खरं हत्यार तर वेगळंच आहे आपलं. सगळं काम ज्यातून निघतं ती मूळ फ्लॉपीही मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं.”

“आणि पूजेतली वस्तू कधी उचलायची?”

“दसऱ्याच्या संध्याकाळी. त्याआधी हात लावायचा नाही. आमच्याकडे वडिलांपासून चालत आलंय ते.”

“पण दाजींकडे प्रोग्राम दसऱ्याच्या सकाळी बसवला. मुहूर्तावर. त्याआधी तुम्ही सांधणी चालवलीत.”

“हो. कॉम्प्युटरला म्हणून नुसता हार घातला होता, पाटावर नव्हता मांडला, मुहूर्ताचं काम होतं ना. पण पाटावरची फ्लॉपी कशी उचलणार? तेव्हा मी...” भगवानराव थांबले. त्यांनी चष्मा काढला. “लक्ष्मीच्या खणात जास्तीची होती ती घेतली. मूळच की ती. काम सुरू करताना तिने माझ्यासमोर मूळ फ्लॉपीवरून दोन उतरवल्या होत्या, एक कामाला, एक जपून ठेवायला.”

“सर!” लक्ष्मी ओरडलीच. “ती मी रोज संध्याकाळी ताजी करते!”

“रोज?”

“रोज!”

बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला.

“बोलून काय उपयोग, करून बघू,” मालन म्हणाली. तिने लक्ष्मीची जास्तीची फ्लॉपी मूळ म्हणून लावली, बाकीच्या दोन दिल्या आणि सांधणी चालवली. प्रिंटर करकरला. तोच कागद, त्याच ओळी: घंटा चांगदेवने काढली, वाद एकही नाही.

“आता खरी मूळ प्रत हवी. कुठे आहे ती?”

भगवानराव उठले. विजेच्या मीटरवरच्या लहानशा देव्हाऱ्यातून, वाळलेल्या आपट्याच्या पानांखालून त्यांनी लाल पट्टीची फ्लॉपी काढली. संध्याकाळी उत्तरपूजा झाल्यावर ती त्यांनी देवापाशीच ठेवून दिली होती. सांधलेल्या प्रतीची नवी मूळ फ्लॉपी डब्यात गेली होती, म्हणून जुनीची आठवण कोणालाच झाली नव्हती. कवचावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. मालनने ते रुमालाने पुसलं, फुंकर मारली आणि फ्लॉपी आत सरकवली.

मशीन थोडा वेळ घरघरलं. मग थांबलं. पडद्यावर अक्षरं आली: तपमानाच्या ओळीवर वाद आहे, कोणाची ठेवू?

“माझी,” लक्ष्मी आणि चांगदेव एकदम म्हणाले.

“दोघांची,” मालन म्हणाली. तिने ओळ हाताने लिहिली, आकडे मोठे, जागा वर. पुढचं सांधणीने आपणहून जुळवलं. छापून आलेल्या प्रोग्राममध्ये घंटा आपल्या जागी होती आणि डब्यांचा पडदाही.

चांगदेव तो कागद दोन्ही हातांत धरून वाचत होता. भगवानराव त्याच्याशी बोलायला वळले, पण ओठ हलण्याआधीच त्याने कागद ठेवला, पिशवी उचलली आणि “येतो सर” म्हणून निघून गेला. कुठल्या अर्थाने येतो म्हणाला, ते कोणाला विचारायचं सुचलं नाही.

“तुझं यंत्र खोटं बोललं तर,” भगवानराव त्याने ठेवलेला कागद उचलत म्हणाले.

“नाही सर. अर्धं खोटं बोललं. त्याला एवढंच दिसलं होतं, की घंटा इथे आहे आणि तिथे नाही. काढली असं म्हणायला मी शिकवलं त्याला. ते चुकलं माझं.” मालनने कळफलक पुढे ओढला. “मूळ आणि दुसरी प्रत अगदी सारखी दिसली, तर आता ते आधी थांबेल आणि विचारेल, की फ्लॉपी तीच आहे ना? आणि काढली म्हणणार नाही. नाही, एवढंच म्हणेल.”

“आणि मी काय करू?”

“तुम्ही दिव्याला जा,” लक्ष्मी म्हणाली. “सोमवारची वाट बघत बसू नका.”

७

रविवारी सकाळी दिव्यात नळ आला होता. इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हंड्या-कळशांची रांग लागलेली, आणि रांगेत बनियनवर चांगदेव. दाजींकडे नवा प्रोग्राम बसवून मालन आणि भगवानराव थेट इकडे आले होते. भगवानरावांचा इस्त्रीचा शर्ट त्या गल्लीत लांबून ओळखू येत होता.

“सर? तुम्ही इथे?”

“चांगदेव, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं. कागद बघितला आणि तुला बघितलं नाही.”

“ओ काका!” मागून एक बाई खेकसली. “लायनीत घुसू नका!”

“घुसत नाही हो. माफी मागतोय.”

“मग बाजूला होऊन मागा ना! पाणी जाईल!”

चांगदेवला हसू फुटलं. त्याचा नंबर आला होता. एक हंडा भरला, दुसरा भरला. त्याने एक उचलला आणि दुसऱ्याला हात घालणार तोच भगवानरावांनी तो खांद्यावर घेतला. शर्ट भिजला. मालनला कळशी मिळाली. तिघं जिना चढले, भगवानराव मध्ये दोनदा दम खायला थांबले, पण हंडा खाली ठेवला नाही.

वर खोलीच्या दारात कांता उभी होती. नवऱ्याचे साहेब हंडा घेऊन येताना बघून ती आधी पदर सावरावा की हंडा धरावा या घोटाळ्यात पडली.

“अहो, हे काय? सरांना कशाला पाणी उचलायला लावलं?”

“वहिनी, माफी मागायला आलो होतो,” भगवानराव धापा टाकत म्हणाले. “चांगदेव उद्यापासून कायम झाला. ते शुक्रवारी मी जे बोललो...”

“शुक्रवारी?” कांताने चांगदेवकडे बघितलं. “शुक्रवारी तर हे घरी आले नि म्हणाले, सर माझ्यावर एकदम खूश आहेत. पेढे घेऊन आले होते!”

चांगदेवची मान खाली गेली. कान लाल झाले होते.

भगवानरावांनी हंडा सांभाळून मोरीत ठेवला, ओला खांदा झटकला.

“बरोबर सांगितलं त्याने,” ते म्हणाले. “कळायला मलाच उशीर झाला. उरलेत का पेढे?”